डाव्या खुंटीची तार

शफी : पास का नापास, एवढंच विचारून राह्यलो मी. दोनातला एक शब्द सांग, मग पानी पी.

मुखरू : नापास.

शफी : लिहिन्यात गेला?

मुखरू : लिवन्यात नाई. तोंडी बी सारं सांगतलं. फ्यूज कायले, अर्थिंग कायले, तारेले चिपकलेल्या मानसाले कसं सोडवाव, सारं. साहेब मान हालवत होता.

शफी : मग? हाताच्या कामात तू नापास झाला म्हनशील तर मले पटनार नाई. पुऱ्या चांद्यात भितीवर तारेची पट्टी तुह्यासारखी सरळ कोनी मारत नाई.

मुखरू : हाताच्या कामातच गेलो, शफीभाई.

शफी : नीट सांग, बेटा. या डोळ्यांनी मले तुहं तोंड दिसत नाई. आवाजावरूनच समजाव लागते.

मुखरू : एक फळी देल्ली. तिच्यावर एक बटन अन् एक होल्डर ठोकाचं. बाजूले तारेच्या तुकड्यांचा ढीग. लाल अन् काळी, मिसळून. म्हने, बल्ब लावून दाखव. लावला. बटन दाबलं, पेटला. परत दाबलं, इझला. बाकीच्यायचं अजून खिळे ठोकनं चालू होतं.

शफी : मग कुठी अडला?

मुखरू : साहेबानं फळी उचलून पाह्यली. म्हने, बटन कोनत्या तारेवर घेतलं? म्या म्हनलं, लालवर, साहेब, करंटच्या गरम तारेवर. तो म्हने, ही लाल हाय? म्या म्हनलं, हव.

शफी : अन्?

मुखरू : काळी होती.

शफी : घाईत झालं असन. नागपूरचा साहेब समोर उभा असला का मानूस घाबरतेच. सांगाचं होतं त्याले का चूक झाली, एक डाव परत करू द्या.

मुखरू : तोच म्हनला, घाबरू नोको, बस. मंग ढिगातले लाल तुकडे येगळे काढाले लावले. म्या काढले. ते पाहून त्यानं आपला रुमाल दाखवला. टेबलावरची दौत दाखवली. भितीवरचं कॅलेंडर दाखवलं. हा कोनता रंग, हा कोनता. मंग त्यानं लिवनं थांबवलं. मले म्हने, चाय पेतो का?

शफी : चाय?

मुखरू : चांगला मानूस होता. रागावला असता त बरं झालं असतं. म्हने, तुले लाल रंग दिसत नाई. काळपट दिसते. जनमापासून हाय हे. डोळ्याले काई रोग नाई, अन् दवा बी नाई. मायच्या घरून येते म्हने, एखाद्या मामाले असन.

शफी : हाय का तुह्या मामाले?

मुखरू : चामोर्शीचा मामा जंगलातून बोरं आने त हिरवी, लाल, सारी एकाच टोपल्यात. आम्ही हासत होतो. मामी म्हने, यायले डोकं नाई. मामा बी म्हने, हव, नाई डोकं.

शफी : पन मुखरू, इतके वर्षं तू माह्या हाताखाली काम केलं. लाल बंडल आन म्हनलं का तू लालच आनत होता.

मुखरू : लाल बंडल डाव्या खुंटीवर असते. काळं उजव्या. पहिल्या दिवशी तुमीच टांगून दाखवलं होतं.

शफी : हां.

मुखरू : लाल म्हंजे डाव्या खुंटीची तार, एवढंच मी शिकलो. लोकायच्या घरी काम करतानी तिच्या टोकाले गाठ मारून ठेवतो. तुमाले वाटे माही सवय हाय. मले बी तसंच वाटे. मी समजत होतो, साऱ्यायले असंच दिसत असन. लोक हुशार हायेत म्हून गाठीबगर ओळखतात.

शफी : अल्लाह. मी तर सगळ्यायले सांगत होतो, पाहा, माहा शागीर्द किती नीट काम करते, तार मोकळी ठेवत नाई, गाठ मारून ठेवते.

मुखरू : येतानी छोट्या गाडीत बसलो. नागभीडच्या इकडे जंगल लागलं तशी डब्यातली मानसं उठून खिडकीशी गेली. पळस पाहा, पळस पाहा. एका बाईनं आपल्या मायले धरून उठवलं दाखवाले. म्या बी उठून पाह्यलं.

शफी : फुलं नाई दिसली?

मुखरू : फुलं दिसली. पन उठून पाहासारखं काई नव्हतं. दर शिमग्याले लोक म्हन्तात अन् मी बी म्हन्तो, काय फुलला हाय पळस यंदा. लहानपनापासून म्हनत आलो. त्या डब्यात पहिल्यांदा काई म्हनलं नाई. आपल्या जागेवर येऊन बसलो.

शफी : ये इकडे. बस माह्याजवळ. ईद झाली का दामाद येते मले न्यायले. मोतीबिंदू काढाचा, अन् मग वारंगललेच राहाचं, नजमाजवळ. मी म्हनत होतो, दुकान मुखरूच्या हाती देऊन जाईन.

मुखरू : मालूम हाय. म्हून त गेलतो नागपूरले.

शफी : पावरहाऊसवाले आता लायसनवाल्या वायरमनच्या सहीशिवाय कोनाच्या घरी लाईन जोडत नाईत. माहं लायसन भितीवर टांगलं हाय ना, पहिले त्यावर इंग्रजाचा शिक्का होता, आता मध्यप्रदेश सरकारचा हाय. पन नाव माहंच हाय दोन्ही डाव. मी गेलो का ते बी गेलं.

मुखरू : हव.

शफी : तू त्या साहेबाले सांगतलं नाई का, मी टेस्टलँप लावून गरम तार ओळखतो? रंगाची गरजच नाई?

मुखरू : सांगतलं. म्हने, बराबर हाय, पन तुह्या हातची लाल पाहून दुसरा मानूस हात लावन, अन् ती काळी निंगाली त? त्याच्या मरनाले कोन जबाबदार? त्याचं खरं होतं.

शफी : खरं होतं.

मुखरू : शफीभाई, मी घरून थेट तुमच्याकडे आलो ते नापास झाल्याचं सांगाले नाई. गाडीत एक गोष्ट ध्यानात आली, तवापासून जीव ठिकान्यावर नाई. मागच्या उन्हाळ्यात दुकानाले चुना मारला, तवा बंडलं खाली उतरवली होती. परत टांगली कोनं?

शफी : मी टांगली.

मुखरू : तुमचे डोळे तवा कसे होते?

शफी : तवाच तर धुकं झालं होतं. हाताले लागलं तसं टांगलं. मग दिवाळीत नवीन माल आला, तो मालवाल्याच्या दुकानातल्या पोरानं आनून देल्ला, त्यानं बराबर टांगला असन.

मुखरू : उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत मी डाव्या खुंटीची तार लाल समजून लावली. ती काळी असन त घरातली सारी बटनं उलट्या तारेवर गेली. अन् पावरहाऊसचा मानूस लाईन जोडते तो रंग पाहून जोडते, लालले करंट देते. त्याले काय मालूम.

शफी : थांब. म्हंजे बटन बंद केलं, बल्ब इझला, तरी होल्डरात करंट राहीन.

मुखरू : राहीन.

शफी : अन् कोनी बटन बंद करून बेफिकीर बल्ब काढाले गेलं...

मुखरू : म्हून विचारलं.

शफी : पहिले तुहं काम झालं का मी स्वता शिडीवर चढत होतो. बटन बंद करून एकेका होल्डरात टेस्टलँप लावून पाहत होतो. डोळे गेल्यापासून शिडी सोडली. तू म्हनला झालं, मी सही केली. मले कधी शक आला नाई.

मुखरू : मले बी नाई.

शफी : कोनाकोनाची घरं?

मुखरू : जटपुऱ्यातल्या कापडवाल्याचं. बाजारातलं गुणवंतरावाचं. रामाळ्या तलावाकडलं सोनीबाईचं. आनखी एकदोन. जास्त नाईत.

शफी : उद्या सकाळीच जा. मी येतो सोबत, शिडी धरतो.

मुखरू : मागच्या महिन्यात नाली दिसली नाई म्हून पडले तुमी.

शफी : मग कोनाले तरी घेऊन जा. एकट्यानं नोको, डोकं ठिकान्यावर नसलं का हात चुकते. रुखमाले ने.

मुखरू : तिले काई सांगतलं नाई.

शफी : नापास झाला ते?

मुखरू : काईच नाई. तिनं विचारलं बी नाई.

शफी : नवरा नागपूरले परीक्षा देऊन आला, अन् बायको विचारत नाई?

मुखरू : आमच्या घरी कोनी कोनाले विचारत नाई. ती जेवाले वाढते, मी जेवतो. काई लागलं त सांगते. भांडन बी नाई.

शफी : कधीपासून?

मुखरू : खूब दिवस झाले.

शफी : देख, मुखरू. नजमाची माय गेल्यापासून मी घरी गेलो का घड्यासोबत बोलतो. आज पानी गोड हाय बरं, असं म्हन्तो त्याले. तुह्या घरी मानूस हाय. जा. पहिले तिले सांग, मग शिडी उचल.

०

रुखमा : डबा बांधू का नोको? दुकानाची वेळ निंगून गेली.

मुखरू : आज दुकानात जात नाई. दुसरं काम हाय.

रुखमा : मंग भात टाकते. आधन ठेवलं हाय.

मुखरू : तू येशीन का सोबत?

रुखमा : कुठी?

मुखरू : कामावर. शिडी धराले मानूस पाह्यजे.

रुखमा : मी येऊ? तुमच्या कामावर?

मुखरू : लायसन नाई भेटलं, रुखमा. नापास झालो.

रुखमा : समजलं होतं. थैली आनून कोपऱ्यात ठेवली, खुंटीले नाई टांगली तुमी.

मुखरू : मंग विचारलं काऊन नाई?

रुखमा : सांगाचं असन त सांगान, म्हनलं.

मुखरू : मले लाल रंग दिसत नाई म्हने.

रुखमा : दिसत नाई म्हंजे? आंधळे थोडीच हा तुमी?

मुखरू : बाकी दिसते. लाल काळ्यावानी दिसते. जनमापासून.

रुखमा : माह्या कपाळाले काय हाय?

मुखरू : कुंकू.

रुखमा : कोनत्या रंगाचं?

मुखरू : कुंकू लाल असते म्हून लाल.

रुखमा : असते ते नाई विचारलं. दिसते कसं?

मुखरू : गाडीच्या चाकाच्या वंगनावानी.

रुखमा : रोज?

मुखरू : रोज. मले वाटे, यालेच लाल म्हन्तात.

रुखमा : टमाटं पिकलं का नाई हे तुमी हातानं दाबून पाह्यता. मिरची निवडतानी हिरवी-लाल एकत्र करता. मी समजे, घरच्या कामात मन नाई यायचं.

मुखरू : ज्या घरी माह्या हातून तारा उलट्या लागल्या असन, तिथी काय सांगू, याच इचारात हाव मी. का तुमच्या घरचं काम मी न पाहता केलं?

रुखमा : अन् रगत?

मुखरू : काय?

रुखमा : रगत दिसते का तुमाले?

मुखरू : बोट कापलं त दिसते ना. कापलं हे मालूम असते.

रुखमा : मालूम नसलं त?

मुखरू : म्हंजे?

रुखमा : शेनानं सारवलेल्या भुईवर पडलं असन, अन् कोनी सांगतलं नसन, त दिसन का?

मुखरू : काऊन विचारून राह्यली तू हे?

रुखमा : आपन पठानपुऱ्याच्या खोलीत राहत होतो तवाची गोष्ट. पाचवा महिना लागला होता मले. सकाळी पोटात कळ आली. मी दाराजवळ बसली, भितीले पाठ लावून. उठता येत नव्हतं. तुमी थैली घेऊन निंगाले. माह्या पायाजवळून गेले.

मुखरू : हव.

रुखमा : खाली पाह्यलं तुमी. म्या पाह्यलं तुमाले खाली पाह्यतानी. म्हनले, पानी कायचं सांडलं इथी, पुसून घे. अन् गेले.

मुखरू : तू काई बोलली नाई.

रुखमा : काय बोलू? माह्या डोळ्यासमोर तुमी पाह्यलं. पाहून पानी म्हनलं. मले वाटलं, याले लेकरू नोको असन. नाईत बायाच्या गोष्टीत पडाचं नसन. बाजूच्या खातूनबीनं दाईले आनलं. तवापर्यंत काई राह्यलं नव्हतं.

मुखरू : मी दिवस बुडतानी आलो त तू खाटेवर होती. खातूनबी म्हने, लेकरू गेलं. म्या म्हनलं, कवा गेलं? कसं गेलं? तुनं भितीकडे तोंड केलं.

रुखमा : कवा गेलं म्हनले तुमी, ते आइकूनच केलं. मनात म्हनलं, सकाळी पाह्यलं यानं, अन् आता लोकायसमोर विचारते.

मुखरू : मले पानी वाटलं, रुखमा.

(चुलीवरचं आधण उतू जातं, खालचा जाळ विझत येतो. दोघांतलं कोणीच उठत नाही.)

रुखमा : पानी वाटलं.

मुखरू : ओलं दिसलं. काळं दिसलं. भुई बी काळीच होती. म्या म्हनलं, घागर हिंदकळली असन. पोटाशी हाय, पाय घसरन, म्हून पुसून घे म्हनलं.

रुखमा : घसरन म्हून म्हनलं?

मुखरू : म्हून म्हनलं. दिवसभर ध्यानात होतं. कामावर शिडीवर होतो, तरी ध्यानात होतं का पुसलं असन का नाई.

रुखमा : ते बोलनं म्या रोज आइकलं. भाकर थापतानी, नदीवर कपडे धुतानी. पानी कायचं सांडलं इथी. तुमी बाजूले झोपले असले तरी आइकू ये.

मुखरू : एक डाव बोलली असती...

रुखमा : तुमी विचारलं असतं. बायको भितीकडे तोंड करून काऊन झोपली हाय, एवढं त विचारता आलं असतं.

मुखरू : मले वाटलं, मी घरी नव्हतो म्हून रागावली. बरोबर रागावली, असं वाटलं. मंग काय विचारू?

रुखमा : मायकडे गेली तवा माय म्हने, नवरा कसा हाय? म्या म्हनलं, चांगला हाय. पेत नाई, मारत नाई. माय म्हने, मंग सुकून काऊन गेली? तिले बी नाई सांगतलं. कोनालेच नाई सांगतलं.

मुखरू : मले दिसलं असतं त मी गेलो नसतो.

रुखमा : हव.

मुखरू : दाईले मीच आनलं असतं. पळत गेलो असतो.

रुखमा : आता मालूम झालं ना मले. परत परत नोका सांगू.

मुखरू : पोरगा होता का पोरगी?

रुखमा : पोरगी. खातूनबी म्हने, नाक तुमचं होतं.

मुखरू : कुठी ठेवलं तिले?

रुखमा : झरपटीच्या काठाले. कोनत्या जागी ते खातूनबीच्या नवऱ्याले मालूम. तो बी गेला आता.

मुखरू : मी रोज त्या पुलावरून जातो.

रुखमा : जाता ते मालूम हाय मले.

मुखरू : रुखमा.

रुखमा : इझली चूल. राहू द्या. कालची भाकर हाय, ती बांधून घेते. शिडी तुमी घ्या, थैली मी घेते. पहिले कोनाकडे जाचं हाय?

०

मुखरू : धरला का स्टूल? हालून राह्यला.

रुखमा : धरला हाय. चढा तुमी. शिडी आत मावत नाई, अन् सोनीबाईच्या घराले जमीनच सरळ नाई.

मुखरू : कापडवाल्याचं, गुणवंतरावाचं, बाकीची एकदोन, सारी बराबर निंगाली; त्यायची तार दिवाळीच्या नव्या मालातली असन. हे एकच राह्यलं. बटन बंद हाय ना?

रुखमा : बंद हाय. बल्ब इझला हाय.

मुखरू : आता बल्ब काढला. टेस्टलँपची एक तार अर्थिंगले लावली, दुसरी होल्डरात लावतो. पेटला नाई म्हंजे काम बराबर.

रुखमा : पेटला.

मुखरू : हव.

रुखमा : बटन त बंद हाय जी.

मुखरू : बंद हाय. तरी करंट हाय. हे घर उलट्या तारेवर हाय, रुखमा. म्या केलं हे.

रुखमा : खाली या.

मुखरू : सोनीबाई एकटी राह्यते. बल्बाले हात लावला असता तिनं त सकाळपर्यंत कोनाले समजलं नसतं.

रुखमा : लावलाच होता तिनं. आत्ता आंगनात मले सांगत होती. दिवाळीले बल्ब काढून पुसला त हाताले मुंग्या आल्या, खांद्यापर्यंत. म्हने, उमर झाली माही, हात कामाचा नाई राह्यला आता. तवापासून उजव्या हातानं घागर उचलत नाई ती.

मुखरू : हात कोरडा होता अन् स्टूल लाकडाचा. म्हून वाचली.

रुखमा : दुरुस्त होते का हे?

मुखरू : होते. मेन बंद करतो. बोर्डाच्या आतल्या दोन तारांची अदलाबदल केली का झालं. शफीभाई इथी हायेत तवापर्यंत त्यायच्या लायसनवर हे करता येते मले.

रुखमा : मी पाहू का? ही लाल हाय. ही काळी. ही मळली हाय, पन लालच हाय.

मुखरू : मधातली?

रुखमा : मधातली लाल. अन् तिच्या टोकाले गाठ नाई. गाठ काळ्या तारेले हाय.

मुखरू : हव. काळीलेच मारली असन म्या. धर ही. ही इकडे गेली, ही इकडे. आता मेन चालू करतो. तू स्टुलापासून दूर हो.

रुखमा : नाई पेटला आता.

मुखरू : परत लावून पाह्यतो. नाई पेटला. बल्ब दे. बटन दाब.

रुखमा : दाबलं. पेटला.

मुखरू : झालं.

रुखमा : असंच करता येईन की जी. तुमी तारा लावा, मी रंग सांगत जाईन. उजेडाचं काम, येनं-जानं बी सोबत होईन.

मुखरू : दोघायच्या नावानं लायसन नाई देत सरकार.

रुखमा : मंग शफीभाई गेल्यावर काय करान?

मुखरू : पावरहाऊसमंदी भट्टीत कोळसा टाकाले मानसं घेऊन राह्यले. उद्या जाऊन विचारतो. तिथी कोळसाच हाय, सारा काळा.

रुखमा : तारेचं काम सुटन.

मुखरू : सुटन. मी रस्त्यानं जातानी लोकायच्या भिती पाह्यतो. कोनाची पट्टी कशी मारली, वळन कसं घेतलं. ते पाह्यनं नाई सुटनार लवकर.

रुखमा : गावाकडे जाऊ का आपन? चामोर्शीले? धानात मजुरी भेटते.

मुखरू : तुले जाचं हाय का?

रुखमा : पहिले होतं. आता सांगता येत नाई. इचार करून सांगीन.

मुखरू : सांगजो.

रुखमा : सोनीबाईले काय सांगाचं? बाहेर बसून वाट पाहून राह्यली ती. घरात काय बिघडलं, विचारन.

मुखरू : खरं सांगाचं. मी सांगतो. बाई, तार म्या उलटी लावली होती. तुमच्या हाताले काई झालं नाई. हात चांगला हाय.

रुखमा : चिडन ती.

मुखरू : चिडू दे. घागर त उचलन.

०

रुखमा : खूब वेळ बसवलं सोनीबाईनं. चिडली बी, चाय बी पाजली. लागले पाहा रस्त्याचे दिवे.

मुखरू : शफीभाईच्या दुकानावरून जाऊ. सारी घरं पाह्यली, आता धोका नाई, एवढं सांगून पुढं जाऊ. ते बसून असन.

रुखमा : चाला. यातले तुमचे कोनते?

मुखरू : काय?

रुखमा : दिवे. घराघरात लागून राह्यले ते.

मुखरू : माह्या नावाचा एक बी नाई. सारे शफीभाईच्या सहीचे हायेत.

रुखमा : सही नाई विचारली. लावले कोनी ते विचारलं.

मुखरू : तो हाटेलातला. वर माडीवर खिडकीत दिसते तो. दवाखान्याच्या ओसरीतला. त्याच्या बाजूचा नाई, तो दुसऱ्याचा हाय, पट्टी पाह्य कशी वाकडी गेली. पुढं देवळाच्या सभामंडपातले सारे. त्या वेळी शिडी पुरत नव्हती, बांबू बांधून चढलो होतो.

रुखमा : मी रोज जाते या रस्त्यानं.

मुखरू : तुनं कधी विचारलं नाई. म्या बी सांगतलं नाई.

रुखमा : जरा हळू चाला जी. देवळातले मले नीट पाह्याचे हायेत.